शिवणकामाचं उत्पन्न

॥ श्री ॥

लेस्टर, ता. २४ एप्रिल १९७६

ती. अक्कास,
नंदिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. रेवतीची कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपली आणि आता ती दिवसभर लोळून कैऱ्या खाते आहे, हे वाचून बरं वाटलं. भाचीचं तरी बरं चाललंय. माझं डोकं गेले आठ दिवस असं तापलंय की कुणाजवळ तरी बोलले नाही, तर लॅबमधल्या रक्ताच्या नळ्या भिंतीवर आपटीन.

झालं असं. जानेवारीत मी हॉस्पिटल बदललं. नव्या ठिकाणी पगार काढणाऱ्यांनी चुकून माझा कर जास्त कापला, तोही सलग. मी इथल्या कर खात्याला व्यवस्थित टाईप केलेलं पत्र लिहिलं, पगाराचे कागद जोडले, खाली सही केली. दीड महिन्यानं उत्तर आलं. पाकिटावर नाव अंबादासचं! आत सुरुवात, डिअर सर, आपल्या पत्नीच्या पत्राच्या संदर्भात. सोबत एक्केचाळीस पौंडांचा चेक, तोही त्याच्याच नावाचा.

मी फोन केला. पलीकडून बोलणारीही बाईच होती. अगदी गोड आवाजात म्हणाली की कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईचं उत्पन्न हे तिच्या नवऱ्याचं उत्पन्न समजतात, म्हणून पत्रव्यवहार मिस्टरांशीच होणार. मी विचारलं, दिवसभर उभं राहून लोकांचं रक्त कोण तपासतं, मी का मिस्टर? तर म्हणाली, तुमची अडचण समजते, मिस्टरांना फोन करायला सांगा.

रिटर्नचा फॉर्म दर एप्रिलात अंबादासच्या नावानं येतो. त्यात दोन रकाने असतात, एक स्वतःचा आणि एक पत्नीचा. मी त्या दुसऱ्या रकान्यात. सही त्याची एकट्याची. सात वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला त्यात काही वाटलं नव्हतं, याचाच आता जास्त संताप येतो. अंबादास नुसता हसला. म्हणाला, चेक कुणाच्याही नावाचा असो, घरातच येतो ना? आणि शनिवारी त्यानं तो आपल्या खात्यात भरला आणि नव्या मोटारीसाठी विसार देऊन आला. मला विचारलंसुद्धा नाही.

आपल्याकडे काय रीत आहे गं? दाजींचा एवढा कारखाना आहे, त्यांना हे सगळं ठाऊक असेल. बाईचं रिटर्न बाईच्या नावानं जातं का, एवढं विचारून कळव.

हा राग तुझ्या वाट्याचा नाही. तुझ्या वाट्याला माया आहे, ती परत पाठवत जा.

तुझी,
नंदिनी


॥ श्री ॥

कोल्हापूर, ता. ९ मे १९७६

चि. सौ. नंदिनीस,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी जेवणाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं. रेवतीनं ताटावर वाटी आपटली. हे मात्र हसायला लागले आणि म्हणाले, तुझ्या बहिणीला कळव की, तिच्या अक्काचं रिटर्न बारा वर्षं अक्काच्या नावानंच जातंय, विलायतेपेक्षा कोल्हापूर लई पुढं हाय!

मला वाटलं चेष्टा करतायत. रेवतीनं विचारलं, आईचं कसलं रिटर्न, आई काय मिळवते? त्याबरोबर ह्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, गप जेव आणि ऊठ. आणि आमटी मागितली. वाटीत आमटी होती.

दरवर्षी जून महिन्यात आण्णांचा कारकून कागदांचं भेंडोळं घेऊन येतो. आण्णा म्हणजे ह्यांचे इन्कमटॅक्सचे सल्लागार, रेवतीच्या बारशापासून आपल्या घरी येणारे. हे बोट ठेवतात तिथं मी सही करते. मागं दूध उतू जात असतं. कारखान्याच्या कर्जाचे कागद असतील, असं मी धरून चालले होते. आता फाईल मागितली, तर हे म्हणाले, तुला त्यातलं काय कळणार? नंदू, मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेली बाई आहे गं. ह्यांनी मॅट्रिकच्या पुढं पुस्तक उघडलेलं नाही.

गुरुवारी मी एकटी रिक्षा करून आण्णांच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा सांगितला, पंखा लावला, आणि म्हणाले, वहिनी, साहेबांना विचारून दाखवतो. मी म्हटलं, फाईलवर नाव कुणाचं आहे? मग काय करतात, दिली.

श्रीमती कुमुदिनी नृसिंह सांगवडेकर. धंदा शिवणकाम. मशिनी दोन, मदतनीस बायका तीन. सन १९६४ पासून दरवर्षी उत्पन्न, आणि तेही वाढतं. एका वर्षी शेरा होता, दिवाळीत ब्लाउझांचं काम जास्त आल्यामुळे उत्पन्नात वाढ. मी तो शेरा तीनदा वाचला. माझी स्वतःची ब्लाउझं दिवाळीत शिंपी वेळेवर देत नाही म्हणून मी त्याच्या दारात खेपा घालते! सुईत दोरा ओवायला मला रेवती लागते. आणि त्या शिवणकामाच्या पैशांतून म्हणे मी कसबा बावड्याला जागा घेतली. तिथं आता ह्यांच्या कारखान्याचं गोदाम आहे.

उत्पन्न ह्यांचं. ते आपल्या नावावर दिसलं तर कर जास्त बसतो, म्हणून थोडं बायकोच्या नावावर सरकवायचं. आण्णा म्हणाले, वहिनी, मनाला लावून घेऊ नका, माझ्या सगळ्या अशिलांच्या बायका शिवणकामच करतात. मी म्हटलं, मग एवढी ब्लाउझं घालतं कोण?

पण हसू तिथंच संपलं. तुला आठवत असेल, १९६३ साली मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती. नेमणुकीचा कागद हातात होता. तो ह्यांनी माझ्यादेखत फाडला. म्हणाले, सांगवडेकरांची बाई पैसे मिळवायला उंबऱ्याबाहेर जात न्हाय. आणि तारीख बघ नंदू, पुढच्याच वर्षापासून मी कागदावर मिळवायला लागले. मला कमवू दिलं नाही आणि माझ्या नावाची कमाई मात्र बारा वर्षं वापरली.

मला अन्न गोड लागत नाही. तू तिकडं जिवाला जप, आणि माझ्यासाठी दोन ओळी का होईना, टाकत राहा.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

लेस्टर, ता. २२ मे १९७६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी लॅबमधल्या स्टुलावर बसून राहिले. माझ्या एक्केचाळीस पौंडांची मला लाज वाटली. मी मिळवते ते नवऱ्याच्या नावावर, नवरा मिळवतो ते तुझ्या नावावर. दोन्हीकडं कागद त्यांच्याच सोयीचा.

आता तू एकही सही करू नकोस. सरळ इन्कमटॅक्सच्या कचेरीत जा आणि सांग की हे खोटं आहे. भ्यायचं काय त्यात? दाजी चार दिवस ओरडतील आणि गप बसतील. तू गप बसलीस तर मात्र मला तुझाच राग येईल, हे आत्ताच सांगून ठेवते.

घाईत लिहिलंय, रागावू नकोस. माझ्यावरची तुझी पाखर काढून घेऊ नकोस.

तुझी,
नंदिनी


॥ श्री ॥

कोल्हापूर, ता. १३ जून १९७६

चि. सौ. नंदिनीस,
अ. उ. आ.

दाजी चार दिवस ओरडतील आणि गप बसतील! लेस्टरमध्ये बसून लिहायला छान आहे. महिन्याच्या महिन्याला तुझ्या हातात पगार पडतो. अंबादासरावांशी पटलं नाही तर तू उद्या खोली घेऊन राहशील. मी कुठं जाऊ? ह्या वयात माहेरी आजऱ्याला अप्पांच्या दारात पेटी घेऊन उभी राहू? पुन्हा मला असा हुकूम सोडू नकोस.

आणि आता तर जायचं का नाही हा प्रश्नच उरला नाही. एक तारखेला पोस्टमननं माझ्या हातात समन्स दिलं. प्राप्तिकर अधिकाऱ्यासमोर १२ जुलैला जातीनं हजर राहायचं, आणि बावड्याची जागा कोणत्या उत्पन्नातून घेतली ते शपथेवर सांगायचं. सध्याचे दिवस कसे आहेत ते तुला पेपरांतून कळतच असेल. लोक धास्तावलेले आहेत. पत्रात जास्त लिहीत नाही.

तेव्हापासून आमच्या घरात माझी शिकवणी चालू आहे. आण्णा रोज संध्याकाळी येतात. ब्लाउझला कापड किती लागतं, शिलाई काय घेता, काजं कोण करतं, मदतनीस बायकांची नावं काय. एक कागदच लिहून दिलाय पाठ करायला. हे जुनी मशीन विकत घेऊन आले आणि माजघरात मांडली, कुणी बघायला आलं तर दिसावी म्हणून. तिच्यावर धूळ नको म्हणून मी ती रोज पुसते. पुसताना दात आवळून माझा जबडा दुखतो.

हे मला समजावतात, मग ओरडतात, मग पुन्हा समजावतात. म्हणतात, एक दिवस खोटं बोलायचं हाय, बारा वर्षं न्हाय. मी म्हटलं, बारा वर्षं बोललेच आहे, मला माहीत नव्हतं एवढंच. खरं सांगू का, मी जवळजवळ तयार झाले होते. माणूस वाईट नाही गं. सासूबाईंच्या आजारपणात सहा महिने ह्यांनी स्वतः बेडपॅन धुतलंय. ह्यांना दंड झाला, तुरुंग झाला, तर मी कुठल्या तोंडानं जेवायचं?

पण ह्या आठवड्यात काय झालं ते ऐक. रेवतीला आठ तारखेला अठरावं पूर्ण झालं. मी शिरा केला होता. आण्णा आले, त्यांनी तिच्या हातावर पाच रुपये ठेवले आणि पिशवीतून एक कागद काढून तिच्यापुढं सरकवला. म्हणाले, बेबी, इथं एक सही कर. मी वाकून बघितलं. कुमारी रेवती नृसिंह सांगवडेकर. उत्पन्नाचं साधन, भरतकाम व शिकवण्या.

मी तिच्या हातातलं पेन ओढून घेतलं. इतकं जोरात, की तिच्या बोटाला ओरखडा उठला. आण्णांना म्हटलं, शिरा खा आणि घरी जा. हे उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. तो कागद चुलीत घातला.

१२ तारखेला मी काय बोलणार, हे मला अजून ठाऊक नाही. तू सल्ला देऊ नकोस. फक्त माझी आठवण ठेव, तेवढा आधार पुरे.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

कोल्हापूर, ता. १९ जून १९७६

चि. सौ. नंदिनी यांस,
नृसिंह सांगवडेकर यांचा आशीर्वाद.

मला तुम्हा बहिणींसारखं गोड लिवायला जमत न्हाय, सरळ लिवतो. तुमचं पत्र आल्यापासनं माझ्या घरात शांतता न्हाय. एक्केचाळीस पौंडांचं भांडण तुमचं, ते तुम्ही तिकडं मिटवायचं की! समुद्रावरनं इकडं कशाला पाठवलासा?

मी एका लेथवर धंदा सुरू केला. लोखंडाच्या रसानं भाजलेले वण अजून हातावर हायत. आज माझ्याकडं चौदा माणसं कामाला हायत, त्यांच्या चुली माझ्यावर चालत्यात. सरकार कर मागायला येतंय, पण वीज मागितली तर हप्त्यातनं तीन दिवस देतंय. मग माणसानं करायचं काय? समदे ज्या वाटेनं गेले, त्या वाटेनं मीबी गेलो. कुणाचा मुडदा पाडलेला न्हाय. आणि बावड्याची जागा तिच्याच नावावर हाय की. उद्या मी मेलो तर तिलाच व्हायची ती.

नोकरीचं ती सारखं काढती. तेरा वर्षांमागची गोष्ट हाय. त्या वेळी माझी आई हुती, पोरगी पाच वर्षांची हुती. चार माणसं काय म्हणतील, हे मला बघायला लागत हुतं. आता ते उकरून काय मिळणार हाय?

तिनं कचेरीत तोंड उघडलं तर मला बेड्या पडतील. तिलाबी पडतील, कारण सह्या तिच्या हायत. हे तिला कुणी सांगायचं? माझं ती ऐकत न्हाय. तुमचं ऐकती. एक पत्र टाका, गप बस म्हणून. मी कधी कुणाला हात जोडलेले न्हायत. तुम्हाला जोडतो.

अंबादासरावांना नमस्कार. आमच्यावर लोभ ठेवा, आणि आगीत तेल वतू नगासा.

नृसिंह सांगवडेकर


॥ श्री ॥

लेस्टर, ता. ३ जुलै १९७६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दाजींचं पत्र आलं. ते याच पाकिटात घालून पाठवते आहे, कारण तुझ्या माघारी तुझ्याविषयी बोलणं मला आता नको. त्यांनी मला तुला गप बसवायला सांगितलंय. मागच्या पत्रात मी तुला बोलायला सांगितलं होतं. दोन्ही हुकूमच झाले. तू लिहिलंस ते खरं होतं, आणि वाचल्यावर मी दोन दिवस तुझ्यावर धुसफुसले, हेही खरं. सह्या तुझ्या म्हणजे शिक्षाही तुला होऊ शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला क्षमा कर. तू काय करशील ते तुझं. काहीही केलंस तरी मी तुझीच आहे.

माझी बातमी एवढीच. इथल्या लायब्ररीत बसून मी करांचं एक पुस्तक वाचून काढलं. त्यात एक जुनी सोय सापडली. नवरा-बायकोपैकी कुणीही अर्ज करून स्वतंत्र आकारणी मागू शकतं. दुसऱ्याची सही लागत नाही. करात एका पेनीचाही फरक पडत नाही, फक्त माझा फॉर्म मला येतो. मुदत ६ जुलैच्या आत. परवा जाऊन अर्ज देऊन आले आणि मग अंबादासला सांगितलं. तो म्हणाला की एका पेनीचा फायदा नाही तर हा उपद्व्याप कशाला, लोकांना वाटेल आपलं पटत नाही. मी म्हटलं, आत्ता ह्या मिनिटाला पटतच नाहीये! तेव्हापासून तो माझ्याशी फक्त दुधाच्या बाटल्यांविषयी बोलतो.

१२ तारखेला माझी सकाळ म्हणजे तुझी दुपार असेल. मी सुट्टी घेतली आहे. करणार काहीच नाही, नुसती बसणार आहे. तुझी माया पोचते आहे, माझीही तुला पोचो.

तुझी,
नंदिनी


॥ श्री ॥

कोल्हापूर, ता. १८ जुलै १९७६

चि. सौ. नंदिनीस,
अ. उ. आ.

झालं ते सगळं सांगते. सहा दिवसांनी आज लिहायला बसले.

आम्ही तिघं गेलो, हे, आण्णा आणि मी. अधिकारी नागपूरकडचा, वयानं लहान, नीट भांग पाडलेला. माझ्याकडून शपथ घेतली. मग त्यानं आण्णांना विचारलं, बाईंचं शिक्षण किती? आण्णांनी सांगितलं. शिलाई काय घेतात? आण्णांनीच सांगितलं. मदतनीस किती? ते ह्यांनी सांगितलं. मी दोघांच्या मध्ये खुर्चीवर. टेबलावरच्या दौतीसारखी.

तुझा तो डिअर सर मला तिथं आठवला असेल, असं तुला वाटेल. मला काहीच आठवलं नाही. नुसता राग आला, पायाच्या तळव्यापासून. मी म्हटलं, साहेब, समन्स माझ्या नावाचं आहे, शपथ मी घेतलीय, मग प्रश्न मला विचारा. त्यानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. आणि दोघांना बाहेर बसायला सांगितलं. हे उठताना माझ्याकडं असे बघत होते, की मी मान वळवली.

त्यानं विचारलं, ब्लाउझला कापड किती लागतं? उत्तर मला पाठ होतं, नंदू. जिभेवर होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, मला शिवता येत नाही.

त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, बाई, पुन्हा विचार करा, ह्या रिटर्नांवर सह्या तुमच्या आहेत, खोट्या रिटर्नवर सही करणं हा तुमचाही गुन्हा होतो. मी म्हटलं, सह्या माझ्याच आहेत. न वाचता केल्या, हा माझा दोष, पण केल्या मीच. मी आजवर एक रुपया मिळवलेला नाही. एकदा मिळवणार होते, ते जमू दिलं नाही. त्यानं विचारलं, कुणी जमू दिलं नाही? मी म्हटलं, ते तुमच्या कामाचं नाही.

जबाब लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवायला घेतलं. मी म्हटलं, द्या, मी वाचते. पाऊण तास लागला. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून घेतल्या आणि मग सही केली.

बाहेर बाकावर हे बसले होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. घरी आल्यावर त्यांनी त्या मशीनला लाथ घातली. मशीन लोखंडाची. अंगठ्याचं नख उखडलं, रक्त यायला लागलं. मी हळद लावून पट्टी बांधली. मी बांधत होते आणि दोघंही रागातच होतो. मग ते म्हणाले, तू मला संपवलंस. मी म्हटलं, उद्या रेवतीचंही भरतकाम सुरू झालं असतं. ते म्हणाले, घरासाठीच केलं की समदं! मी म्हटलं, मग घरात सांगून का नाही केलं? रेवती दारात उभी होती. तिनं बापाला पाणी आणून दिलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

मशीन मी दुसऱ्या दिवशी मागच्या बोळातल्या बयाबाईला देऊन टाकली. ती बिचारी खरंच शिवते, आणि तिला रिटर्न म्हणजे काय ते ठाऊक नाही.

आता काय होईल ते होईल. तू काळजी करत बसू नकोस. पत्र मात्र दर आठवड्याला हवं, एवढा हक्क मी सांगते.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

लेस्टर, ता. ३० एप्रिल १९७७

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आधी आनंदाचं. ऑक्टोबरात रजेच्या जागेवर लागलेली तुझी शाळेतली नोकरी पुढं चालू राहिली, हे वाचून मी लॅबमध्ये सगळ्यांना चॉकलेटं वाटली. कुणी विचारलं काय झालं, तर म्हटलं माझ्या बहिणीला एक्केचाळिसाव्या वर्षी पगार मिळाला. इंग्रज बायकांनी टाळ्या वाजवल्या.

माझा फॉर्म आला. माझा स्वतःचा, स्वतंत्र. पाकिटावर नाव काय असेल? मिसेस अंबादास आजरेकर! मी लाल शाईनं ते खोडून वर नंदिनी लिहिलं आणि खाली खात्याला एक कडक चिठ्ठी जोडली. अंबादास ती वाचून म्हणाला, एक स्पेलिंग चुकलंय. दुरुस्त करून दिलं आणि पोस्टात टाकून आला. आमचं दुधाच्या बाटल्यांपलीकडं बोलणं सुरू झालंय. मोटारीचा विषय अजून निघत नाही.

दाजींच्या प्रकरणाचं काय झालं? रेवतीच्या पत्रात अर्धवट होतं. आणि खरं सांग, तुझा राग गेला का? मला विचारशील तर, माझा नाही गेला.

नेहमीसारखी माझ्यावर सावली असू दे.

तुझी,
नंदिनी


॥ श्री ॥

कोल्हापूर, ता. ३ जुलै १९७७

चि. सौ. नंदिनीस,
अ. उ. आ.

शाळा सुरू झाली आणि पत्र राहून गेलं. आठवीच्या दोन वर्गांना इतिहास-भूगोल शिकवते. पहिल्या दिवशी घसा बसला. आता वर्ग माझ्या आवाजाला घाबरतो. घरातला सगळा राग मी तिथं वापरते, असं रेवती म्हणते.

प्रकरण फेब्रुवारीत मिटलं. माझ्या नावावरचं सगळं उत्पन्न ह्यांचं धरलं, त्यावर कर आणि दंड बसला. खटला झाला नाही, ना त्यांच्यावर ना माझ्यावर. त्या अधिकाऱ्यानं म्हणे वर लिहिलं होतं की बाईंनी आपणहून खरं सांगितलं. बावड्याची जागा विकावी लागली. खरेदीखतावर सही माझी लागणार होती. मी ते खत ओळीओळीनं वाचलं. दस्त नोंदवणारे कारकून घड्याळ बघत होते, जागा घेणारे पाव्हणे जांभया देत होते. ह्यांनी मात्र त्यांना सांगितलं, बसा की, तिला वाचू द्या. चौदा माणसांतलं एकही कमी करावं लागलं नाही. एक लेथ तेवढा गेला.

पहिले चार महिने हे माझ्याशी बोलले नाहीत. बाजारातून भाजी आणायचे, पिशवी ओट्यावर ठेवून जायचे. मीही बोलले नाही. आण्णांनी आमचं काम सोडलं. म्हणाले, अशा घरात काम करणं धोक्याचं आहे! आता कृष्णात म्हणून एक नवा माणूस ते काम बघतो.

जूनच्या शेवटी तो दोन फॉर्म घेऊन आला. एक ह्यांचा, एक माझा. माझ्या फॉर्मवर शिवणकाम नव्हतं, अध्यापन होतं. मी हिशेब करून बघितला. ऑक्टोबर ते मार्च मिळून माझा पगार कराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, रिटर्न भरायची गरजच नाही. त्याला परत पाठवलं. बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले आणि इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. काडीचं काम केलं नाही ती बारा वर्षं मी सरकारच्या दप्तरी होते, आणि घसा फोडून मिळवलं त्या वर्षी माझं नाव कुठंच नाही.

मग हे बाहेर आले. स्वतःचा फॉर्म माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, बघ बाई, काय चुकलं असंल तर आत्ताच सांग, मागनं कचेरीत सांगू नको. मी दोन दिवस तो वाचला. भंगार विकल्याचे पैसे दाखवलेले नव्हते. दाखवा म्हटलं. त्यांनी कृष्णातला चार शिव्या दिल्या, त्यात दोन माझ्यासाठी होत्या, आणि दाखवले.

तू विचारलंस राग गेला का. नाही गेला. १९६३ साली ती नोकरी धरली असती तर आज मी मुख्याध्यापिका असते. शाळेतल्या मुख्याध्यापिका माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत, आणि रजेचा अर्ज घेऊन मी त्यांच्यापुढं उभी राहते. गेल्या रविवारी मी ह्यांना हे सरळ सांगितलं. हे जमिनीकडं बघत म्हणाले, व्हय, ते चुकलंच माझं.

मी म्हटलं, तसं कागदावर लिहून द्या, खाली तारीख घाला आणि सही करा.

अजून दिलेलं नाही. मी दर रविवारी मागणार आहे.

रेवती तुला वेगळं लिहिते आहे. अंबादासरावांना आशीर्वाद सांग. तू आहेस म्हणून हे सगळं कुणाला तरी लिहिता येतं, तेव्हा तशीच राहा.

तुझी,
अक्का